आबांचा उजवा हात – वारं गेल्यानंतर घरच्या घरी काय करून घ्यायचं? (तासगाव)

माणिकचमन:

नमस्कार. लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज यायचा नाही म्हणून सविस्तर लिहिते. आबा म्हणजे माझे सासरे, वय ६१. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी चालू होती, सकाळी साडेसात-आठला बागेत आबांच्या हातातली कात्री पडली, उचलली, परत पडली, तिसऱ्यांदा उचलायला वाकले ते तिथंच बसले आणि तोंड एका बाजूला गेलं. गावात सगळे म्हणाले अंगावरून वारं गेलं. कुणीतरी सांगितलं अमुक गावात लकव्याचं औषध देतात, गुण येतोच, म्हणून गाडी आधी तिकडं नेली आणि मिरजेला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. डॉक्टर म्हणाले हा स्ट्रोक, मेंदूत गुठळी झालीय, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. हे मुद्दाम वर लिहितेय, कुणाच्या घरी असं झालं तर हात जोडून सांगते, आधी सीटी स्कॅन जिथं आहे त्या हॉस्पिटलात जा, बाकी सगळं नंतर.

आता अकरा आठवडे झाले. पाय बराच आलाय, डाव्या हातात काठी घेऊन अंगणात चकरा मारतात. बोलणं अडखळतं पण कळतं. हाताचं मात्र पुढं सरकत नाही. खांदा थोडा उचलतो, कोपर वाकतो, मूठ वळते पण उघडत नाही, डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. दिवसभर तो हात मांडीवर पडून असतो. सांगलीला फिजिओकडे आठवड्यातून दोनदा नेतो, त्याहून जास्त जमत नाही कारण माल उतरायला आलाय, ह्यांना बाग सोडता येत नाही आणि येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो. घरी करायला एक कागद दिलाय, दहा चित्रं, प्रत्येक दहा वेळा. ते पंधरा मिनिटांत संपतं. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं?

शेजाऱ्यांनी मऊ बॉल आणून दिलाय तो दाबायला द्यावा का, मालिश किती करावं, हे पण सांगा. आणि एक विचित्र गोष्ट. आबांनी जांभई दिली की उजवा हात आपोआप कोपरातून वर येतो. आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या, हात आला म्हणून. पण आबांना म्हटलं आता उचला, तर नाही उचलत. आता आत्या म्हणतात हात आहे, हेच जोर लावत नाहीत. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही.

येरळाकाठ:

ताई आमच्या चुलत्यास्नी असंच झालं होतं दोन वर्षामागं. कबुतराचं रक्त चोळलं रोज, गरम वाळूचा शेक दिला, दोन महिन्यात हात वर जायला लागला. खोटं सांगत नाही, डोळ्यानं बघितलंय. फिजिओचं चालू राहू दे पण हे पण करून बघा, तोटा काय हाय.

कंदीपेढा:

दादा तुमचा हेतू चांगला आहे पण तोटा होतो, आमच्याकडे झालाय. साताऱ्याला माझ्या आईला डाव्या बाजूचा झाला. मावशीने गरम मिठाची पुरचुंडी करून शेक दिला, दिला आणि तिथंच दंडाखाली ठेवून चहा करायला गेली. आई काही बोलली नाही कारण त्या हाताला गरम-गार कळतच नव्हतं. मावशी परत आली तेव्हा कातडी वर आली होती. पुढे तीन आठवडे ड्रेसिंग आणि तोपर्यंत हाताचा सगळा व्यायाम बंद, तेही अगदी सुरुवातीच्या महिन्यात. मावशी अजून स्वतःला दोष देते. कोमट तेल हलक्या हाताने लावा, हरकत नाही, पण शेक देण्याआधी त्या हाताला कळतंय का हे डोळे मिटायला सांगून तपासा.

मिरज_फिजिओ:

ताई, सगळ्यात आधी जांभईचं सांगते कारण त्यावरून घरात वाद चाललाय. आबा लबाडी करत नाहीयेत. जांभईसोबत हात वर येतो तो हुकूम मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येतो. 'हात उचल' असं ठरवून जो हुकूम जातो त्याची वाट वेगळी, आणि तीच वाट तुटलीय. म्हणजे आबा कितीही जोर लावू देत, जांभईतली हालचाल त्यांच्या हातात नाही. आत्यांना हे एकदा शांतपणे समजावून सांगा, कारण 'मनात आणलं तर होईल' हे ऐकून पेशंट आतून फार खचतो, मी रोज बघते.

येरळाकाठ दादा, चुलत्यांचा हात दोन महिन्यांत आला हे मी खरंच मानते. पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची सूज उतरते, बंद पडलेला पण मेलेला नाही असा भाग परत जागा होतो, त्यामुळे बऱ्याच जणांना थोडंफार आपोआप येतं. त्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय जातं. रक्ताने काही होत नाही, आणि गरम शेकाचं वर कंदीपेढा यांनी सांगितलंच.

आता हात. मेंदूचा जो तुकडा गेला तो परत येत नाही पण आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो. शिकतो तो फक्त करून, आणि पुष्कळ वेळा करून. अमेरिका आणि कॅनडात २००९ साली थेरपीची ३१२ सत्रं बसून मोजली होती, तर एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात तिथं दिवसाला शेकड्याने हालचाली असतात. म्हणून तुमचा जो प्रश्न आहे, उरलेल्या दिवसाचं काय, तोच बरोबर प्रश्न आहे. दहा चित्रं दहा वेळा म्हणजे शंभर, त्यातल्या हाताच्या पंजाच्या किती? बहुतेक वीस-तीस.

पण करायचं काय हे हात कुठपर्यंत आलाय त्यावर ठरतं. आबांना टेबलाजवळ बसवा, उजवा हात टेबलावर पालथा, मनगटापासून पुढचा भाग कडेच्या बाहेर लोंबता. आता पंजा वर उचलायला सांगा. मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश जरी उचलली तरी चांगला हात चक्क बांधून ठेवून दुखऱ्या हाताला कामाला लावायची पद्धत वापरता येते. एडवर्ड टॉब म्हणून अमेरिकेतले शास्त्रज्ञ, त्यांनी दाखवलं की सुरुवातीला हात हलत नाही म्हणून माणूस तो वापरायचं सोडून देतो आणि पुढे हलायला लागला तरी ती सवय सुटत नाही. २००६ साली २२२ लोकांवर मोठी चाचणी झाली, स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिने झालेले लोक, दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा आणि रोज तासन्‌तास सराव. फायदा झाला आणि टिकला. इतकं कडक घरी जमत नाही पण दोन-तीन तास चांगल्या हातावर पायमोजा घालून बसणं जमतं. मात्र बसूनच हं, आबांची काठी डाव्या हातात असते, चालताना, बाथरूममध्ये, चुलीजवळ मोजा अजिबात नको.

मनगट उचललं नाही तर मोजा उपयोगाचा नाही, नुसता त्रास. मग आरसा, आणि टेबलावर फडकं सरकवणं. आधी तपासून सांगा, मग पुढचं लिहिते. बॉल सध्या बाजूला ठेवा. आबांची मूठ आधीच वळतेय, अडलंय ते उघडणं.

आणि खांदा!! हे मी सगळ्यांना ओरडून सांगते. उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात धरून ओढू नका. स्नायू ढिले असतात तेव्हा खांद्याचा गोळा खोबणीतून खाली उतरलेला असतो, ओढलं की सांधा दुखावतो आणि मग पेशंट हाताला हातच लावू देत नाही, पुढची सगळी मेहनत बुडते. कमरेला पंचा गुंडाळा आणि तो धरून उठवा.

कराड_स्वारगेट:

खांद्याचं मी सांगतो. मी एसटीत २६ वर्षं कंडक्टर होतो, रिटायर व्हायला दीड वर्ष असताना डावी बाजू गेली, त्याला आता पाच वर्षं होतील. घरी आल्यावर कुणाचं ऐकलं नाही आणि दाराच्या चौकटीला कप्पी ठोकून घेतली, साडीची दोरी, उजव्या हाताने ओढायचं की डावा वर. मला वाटायचं वर गेला म्हणजे सुधारला. रोज दोनशे वेळा. तीन आठवड्यांत खांदा इतका धरला की त्या कुशीवर झोपता येईना, बनियन घालताना डोळ्यात पाणी यायचं. फिजिओंनी कप्पी आधी काढायला लावली. फऱ्याचं हाड बरोबर फिरत नसताना हात डोक्यावर ओढला की आतली शीर चेमटते म्हणाले. ते दुखणं जायला चार महिने गेले, आणि माझे सगळ्यात महत्त्वाचे महिने त्यात गेले.

दुसरं. आमची मंडळी माझ्यासाठी सगळं करायची. भाकरी मोडून ताटात, पेला तोंडाशी, बटण तीच लावणार. माया होती, पण दोन वर्षांत माझा डावा हात म्हणजे खांद्याला अडकवलेली पिशवी झाला होता. तो माझा आहे असं वाटायचंच नाही, रात्री कूस बदलताना मध्येच लागला तर दचकायचो, कुणाचा हात म्हणून. तिसऱ्या वर्षी नव्या मॅडमनी सांगितलं की जेवताना ताट त्या हाताने धरायचं, पेपर त्या हाताने दाबून ठेवायचा, पाकीट त्या हाताने धरून उजव्याने पैसे काढायचे. काही खास व्यायाम नाही, दिवसभरात जिथं जिथं दोन हात लागतात तिथं त्याला बोलवायचं. मग कपड्याचे चिमटे. पहिला चिमटा अंगठा आणि बोटात धरून दाबला गेला तो दिवस मला आठवतो, मंडळी दोरीवर कपडे घालत होती आणि मी आतून तिला हाक मारली. तीन वर्षं झाल्यावर आलाय तो अंगठा. त्यामुळे सहा महिन्यांनंतर काही होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आकडेमोड:

काकांच्या म्हणण्याला आधार आहे. लंडनला क्वीन स्क्वेअरच्या हॉस्पिटलात फक्त हातासाठी तीन आठवड्यांत ९० तासांचा कार्यक्रम चालवतात, त्याचे निकाल २०१९ ला आले. त्यातल्या निम्म्या लोकांना स्ट्रोक होऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त झालं होतं आणि तरी हात सुधारला, सहा महिन्यांनी परत तपासलं तेव्हाही टिकून होता.

पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर एकाच बाजूचं चित्र होईल. एक म्हणजे आकड्याच्या मागे लागू नका. २०१६ ला ८५ लोकांवर चाचणी झाली, सगळ्यांना सहा महिने उलटलेले, कुणाकडून एकूण ३२०० हालचाली, कुणाकडून ६४००, कुणाकडून ९६००. जास्तवाल्यांना जास्त फायदा झाला असं दिसलं नाही. दुसरी भारतातलीच आहे, ॲटेंड नावाची चाचणी, २०१७, १४ हॉस्पिटलं, १२५० रुग्ण. फिजिओ कमी पडतात म्हणून घरच्यांनाच हॉस्पिटलात शिकवायचं आणि त्यांनी घरी करून घ्यायचं, असा विचार होता. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के, काहीच फरक नाही. मी स्वतः वडिलांचं केलंय, त्यामुळे हे वाचून मला फार लागलं होतं.

मिरज_फिजिओ:

बरं झालं लिहिलंत. ॲटेंडमध्ये घरच्यांना दोन-तीन दिवस तासभर शिकवून घरी पाठवलं होतं. दोन-तीन दिवसांत कुणाला काय येणार हो. कुठली हालचाल आता द्यायची, कुठली अजून नको, खांदा उचलून फसवतायत का, हे दर आठवड्याला बदलतं, त्याला बघणारं माणूस लागतंच. म्हणून ताई, आठवड्याचे दोन दिवस बंद करू नका. हवं तर एक जाऊन आणि एक व्हिडिओ कॉलवर असं करा, तुमच्या फिजिओंना विचारा. अमेरिकेत २०१९ ला १२४ लोकांवर बघितलं, ७० मिनिटांची ३६ सत्रं, एका गटाची दवाखान्यात आणि एका गटाची घरी संगणकासमोर, हाताची सुधारणा सारखीच. पण त्या घरच्या गटातही अर्ध्या सत्रांना थेरपिस्ट समोर पडद्यावर होता, हे विसरू नका.

आकड्याचं म्हणाल तर पटतंय. मी पेशंटना दिवसाला ३०० हालचाली सांगते ते देवाचा आकडा म्हणून नाही, घरी 'केला की मघाशी' असं होतं म्हणून. आणि प्रत्येक वेळी थोडं अवघड हवं, तीच सोपी गोष्ट ३०० वेळा करून काही शिकत नाही मेंदू.

जवारी:

आमचे मोठे काका मिरजेत तंबोरे करायचे, सतारमेकर गल्लीत. उजवी बाजू गेली. हात टेबलावर पुढे-मागे सरकवायला सांगितलं होतं, फडक्यावर हात ठेवून. चार दिवस केलं आणि सोडलं, म्हणाले हे काय काम आहे. मग चुलतभावाने दुकानातला भोपळा आणला, न रंगवलेला, मांडीवर दोन उशांत पक्का बसवला, काकांच्या पंजाला पॉलिश पेपर कापडाच्या पट्टीने बांधला आणि म्हणाला दादा एवढा गुळगुळीत करून द्या. हालचाल तीच हो, पुढे-मागे, पण काका दुपारी झोपायचे नाहीत मग. डाव्या हाताने उजव्याला धरून ढकलायचे आणि मध्येच बोटाने चाचपून बघायचे कुठं खरखरीत राहिलंय. ते चाचपणंही उजव्या बोटांनी करायचे, आधी काही कळायचं नाही, नंतर कळायला लागलं. बोटं फार सुटली नाहीत त्यांची, वर्षाने दुसरा झटका आला आणि गेले. पण त्या वर्षात ते दुकानात बसून होते, अंथरुणावर नाही.

ताई, आबांच्या हाताला आयुष्यभर काय माहीत आहे ते बघा.

माणिकचमन:

आठ दिवसांनी लिहितेय, बाग आणि आबा दोन्ही चालू आहे. सगळ्यांची मी ऋणी आहे. जवारी ताई, काकांचं वाचून ह्यांनाही दाखवलं.

टेबलाच्या कडेची परीक्षा केली. मनगट जरासं वर येतं, एखादं बोट आत जाईल इतकं, बोटं अजिबात नाहीत. म्हणजे मोजा नाही. आमच्या फिजिओंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या आरसा सुरू करा. भिंतीवरचा आरसा काढला, जेवणाच्या टेबलावर उभा केला, मागे गव्हाचा डबा टेकू म्हणून. उजवा हात आरशामागे, डावा पुढे. डाव्याची मूठ उघडायची, मिटायची आणि बघायचं आरशात, म्हणजे उजवा उघडतोय असं दिसतं. पहिल्या दिवशी आबा कितीतरी वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, "ह्यो माझाच हाय?" मी म्हटलं हो. परत उघडला, परत मिटला. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

पण पेले एकावर एक ठेवायला दिले तर चिडले, मी काय अंगणवाडीत आहे का म्हणाले, आणि मग एकदम रडायला लागले. असं दिवसातून दोन-तीनदा होतं, टीव्हीवर काही लागलं तरी रडतात. डॉक्टरांनी एक गोळी दिलीय मन शांत राहायला. ओळखीच्या एकाने सांगितलं त्याच गोळीने हात पण सुटतो, फ्लुऑक्सेटिन नाव आहे, खरं आहे का?

आकडेमोड:

तशी आशा होती, २०११ च्या एका छोट्या फ्रेंच चाचणीत हातपाय जास्त सुधारलेले दिसले होते. पण २०१८ ला ब्रिटनमध्ये ३१२७ लोकांवर केलेल्या चाचणीचे निकाल आले तेव्हा तसा फायदा दिसला नाही. उदासी मात्र कमी झाली, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. म्हणजे मनासाठी डॉक्टरांनी दिलीय तर जरूर घ्या, हातासाठी म्हणून नको, आणि पडणार नाहीत याची काळजी घ्या.

मिरज_फिजिओ:

रडण्याचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत ते फार चांगलं केलं. बरेच जण सांगत नाहीत, लाजतात. स्ट्रोकनंतर साधारण तीनात एकाला नैराश्य येतं, आणि कधी कधी मेंदूची रडण्या-हसण्यावरची लगाम सुटते, माणूस दुःखी नसतानाही रडतो. तेव्हा 'असं रडू नये' म्हणू नका, विषय बदला, पाणी द्या, दोन मिनिटं थांबा.

पेले सोडून द्या. तासगावला बसून पेले कशाला? बेदाणा आहे की घरात!

माणिकचमन:

ताई तुम्ही बेदाणा लिहिलंत आणि मी आत्यांना वाचून दाखवलं तर त्या उठून सरळ आत गेल्या आणि मागच्या वर्षीचा दोन किलो घेऊन आल्या.

आता पाच आठवड्यांनी सविस्तर लिहिते. पहिले दोन आठवडे आरसा अर्धा तास, आणि टेबलावर सुती फडकं पसरून त्यावर हात, मधोमध बेदाण्याचा ढीग, तो फडक्यासकट पुढं ढकलायचा आणि ओढायचा. दहा झाले की डाव्या हाताने एक चिंचोका वाटीतून ताटात. तीस चिंचोके म्हणजे झालं. आबा शेतकरी माणूस, मोजणीत फसवत नाहीत, उलट आत्या मध्येच जेवायला या म्हणाल्या तर "अजून चार हायत" म्हणतात. फसवतात ते खांदा वर ओढून, ते मला आता लगेच कळतं, मी नुसतं खांद्यावर दोन बोटं ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओंनी मनगट खाली सोडायला शिकवलं. पंजा खाली लोंबू दिला की बोटं आपोआप जराशी उघडतात, त्या क्षणी अंगठा आणि पहिलं बोट बेदाण्यावर आणायचं आणि मग मनगट उचलायचं, की चिमूट धरली जाते. धरलं! खरंच धरलं. पण मग सोडता येईना. बेदाणा अंगठ्याला चिकटून बसायचा, आबा हात वाटीवर धरून बघत बसायचे, सगळी ताकद लावायचे आणि जेवढी ताकद लावतील तेवढी मूठ आणखी आवळायची. मी काढायला पुढं झाले तर डाव्या हाताने मला मागं सारलं. फिजिओ म्हणाल्या ताकद लावायचीच नाही, श्वास सोडायचा, परत मनगट खाली. दोन दिवसांनी एक सुटला, वाटीत पडल्याचा आवाजही झाला नाही इतका हलका. त्या दिवशी अकरा झाले, आबांनी मोजले.

आता रोज बेदाण्याच्या काड्या काढतात, उजव्या चिमटीत बेदाणा, डाव्याने काडी. एका बैठकीत शंभरच्या आसपास होतात, मग बोटं आवळायला लागतात, मग थांबतो, पंजा टेबलावर पसरून ठेवतो पाच मिनिटं. सकाळी थंडीत हात जास्त कडक असतो म्हणून दहानंतर उन्हात बसून करतो. मधे चार दिवस एकाएकी फारच आवळला होता, फिजिओ म्हणाल्या लघवीला जळजळ आहे का बघा, आणि खरंच इन्फेक्शन निघालं, औषधाने हात पण सैल झाला. हे आम्हाला कधीच सुचलं नसतं.

एक विचारायचं होतं, एप्रिलला खरड छाटणी येईल. आबा म्हणतात कात्री द्या.

मिरज_फिजिओ:

ताई वाचून काम थांबवून बसले दोन मिनिटं. आणि लघवीचं लिहिलंत ते सगळ्यांनी वाचावं. हात अचानक जास्त आवळला तर आधी कारण शोधायचं, कुठं दुखतंय का, बद्धकोष्ठ आहे का, लघवीचं काही आहे का, गोळ्या चुकल्यात का.

कात्री उजव्यात आत्ताच नको. धरलेलं वेळेवर सुटत नाही आणि बोटाला कुठं काय लागलं ते पूर्ण कळत नाही, त्यात पातं नको. उजव्या हाताने काडी धरायची, कापायचं दुसऱ्याने. सुतळी उजव्यात दाबून धरायची आणि डाव्याने गाठ. बांधणीच्या कामात दोन हात लागतात, तिथं उजव्याला बोलवा. उन्हात फार वेळ नको, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि तंबाखू खात असतील तर ती बंद. आता मनगट टेबलावर परत तपासा. २० अंश झालं असेल तर पायमोज्याचं तुमच्या फिजिओंशी बोला.

कराड_स्वारगेट:

सूनबाई, एक राहिलं. सहा महिने झाले तरी हात पुरता आला नाही तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला दाखवून घ्या, ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. ४० टक्के किंवा वर असेल तर सवलती लागू होतात. मी चार वर्षं घेतलं नाही, मला वाटायचं ते घेतलं म्हणजे आपण हरलो. तसं काही नसतं. सांगलीला जायच्या एसटीच्या तिकिटात तरी फरक पडेल.

येरळाकाठ:

ताई सगळं वाचलं. चुलत्याचा हात वर जातोय पण खांदा अजून दुखतो, रात्री झोप नाही. आम्ही पण हात धरूनच उठवत होतो दोन वर्ष. आता काय करता येईल का. तुम्ही झोपताना उशी कशी ठेवता ते जरा सांगा.

माणिकचमन:

दादा आधी खांदा एकदा फिजिओंना किंवा हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच, दोन वर्षांचं दुखणं आहे. उशीचं सांगते. उताणे झोपले की दुखऱ्या खांद्याच्या फऱ्याखाली एक पातळ उशी, म्हणजे खांदा मागं पडत नाही, आणि त्याच हाताखाली पूर्ण लांबीची दुसरी, कोपर सरळ, तळवा वर किंवा बाजूला. चांगल्या कुशीवर झोपले तर छातीपुढे जाड उशी आणि त्यावर दुखरा हात पुढं ठेवायचा, मनगट उशीवरून खाली लोंबायला नको. आम्ही जुन्या गोधडीची गुंडाळी केलीय, ती उशीपेक्षा बरी बसते, सरकत नाही. चुलत्यांची कुठली बाजू आहे, डावी का उजवी? खाट भिंतीला कुठल्या अंगाने लावलीय तेही सांगा, आम्ही ती पण फिरवली होती.